नर्सची खोली कुठे आहे?

तलावाचं पाणी निळंशार होतं, आत दिवे लावले होते, आणि नागेश खैरनार काठावर असा उभा होता, जणू शाळेत त्याचंच नाव घालायचंय.

"बघितलंस? आठ लेन आहेत," तो बायकोला म्हणाला. अनुराधानं मान हलवली आणि हातातली वही उघडली.

जेद्दात येऊन तिला आणि आठ वर्षांच्या नूपुरला जेमतेम तीन आठवडे झाले होते. नागेश मात्र वर्षभर आधीच आला होता. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात तो मेंटेनन्स इंजिनिअर होता. पहाटे साडेपाचला कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि संध्याकाळी दिवेलागणीला आणून सोडायची. बायको-मुलीचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडल्या पडल्या त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शाळांची चौकशी. त्याच्या कामात दर तीन-चार वर्षांनी देश बदलायचा. ब्रिटिश शाळा सगळीकडे असतात, अभ्यासक्रम तोच असतो, पोरीची ओढाताण होणार नाही, असा त्याचा हिशेब. अनुराधालाही तो पटला होता. प्रश्न एवढाच होता की कुठली ब्रिटिश शाळा.

शाळा दाखवायला आलेली मिस क्लेअर हसतमुख होती. नाट्यगृह झालं, रोबो बनवायची खोली झाली, गच्चीवरची बाग झाली. "आणखी काही पाहायचंय?" तिनं विचारलं.

"नर्सची खोली कुठे आहे?" अनुराधा म्हणाली.

मिस क्लेअरनं तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. एवढ्या वर्षांत तलाव सोडून नर्सची खोली पाहायला मागणारी आई तिला बहुधा भेटली नसावी.

नूपुरला सहाव्या वर्षी मधुमेह झाला होता. मोठ्या माणसांना होतो तो नव्हे. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, तो. आठ-पंधरा दिवसांत पोर वाळून गेली, सारखं पाणी मागायला लागली, आणि एका सकाळी उठवता उठेना. नाशिकच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून ती घरी आली ती दिवसाला चार इंजेक्शनं घेऊनच. अनुराधा तेव्हा अंबडच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. तिनं नोकरी सोडली, पण प्रयोगशाळेतली सवय काही सोडली नाही. नूपुरनं काय खाल्लं, किती इन्सुलिन दिलं, साखर किती आली, सगळं वहीत. आता नूपुरच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असायचा आणि साखरेचा आकडा फोनवर दिसायचा. नूपुरच्या फोनवर दिसला की आईच्या फोनवरही दिसायचा.

मिस क्लेअरनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तितक्याच नीट उत्तर दिलं. नर्स आहे, पण इंजेक्शन देणं शाळेच्या नियमात बसत नाही; जेवणाच्या सुट्टीत आईनं येऊन द्यावं. वर्गात फोन चालत नाही. आणि पोहणं, सहली यांच्या बाबतीत, "तुम्ही समजू शकता," पहिल्या वर्षी तरी नूपुरनं काठावर बसलेलं बरं.

गाडीत बसल्यावर नागेश म्हणाला, "मग रोज बाराला जा की तू. टॅक्सी आहे, वेळ आहे."

"जाईन. पाय मोडेपर्यंत जाईन. पण तिनं काठावर बसायचं?"

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"अहो, ज्या तलावावर तुम्ही एवढे भाळलात, त्यात तुमची पोर उतरणार नाहीये. मग तो आपल्या काय कामाचा?"

नागेशनं गाडी सुरू केली. मागच्या सीटवर नूपुर खिडकीला नाक लावून बसली होती. ती सगळं ऐकत होती हे दोघांच्याही लक्षात थोडं उशिराच आलं.

शुक्रवारी नागेशचा सहकारी रणजित जेवायला आला. मूळचा साताऱ्याचा, जेद्दात अकरा वर्षं काढलेला, आणि कुठल्याही अडचणीवर उत्तर खिशात घेऊन फिरणारा. भरली वांगी दोनदा वाढून घेऊन तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही उगाच सरळ जाताय. फॉर्मवर आजारबिजार लिहूच नका. सीट मिळाली, खलास. मग महिन्याभरानं सांगा, आत्ताच कळलं म्हणून. मुलाला कोणी बाहेर काढत नाही."

नागेशनं हळूच मान डोलावली. अनुराधानं ते बरोबर पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या महिन्याभरात वर्गात तिची साखर उतरली, आणि बाईंना वाटलं पोरीला झोप आलीय, तर?"

रणजितनं घास परत ताटात ठेवला.

"मला तिला शाळेत घुसवायची नाहीये. तिथल्या माणसांना तिची माहिती हवी. एकालाही नसेल तर मला ती शाळा नको."

दुसऱ्या शाळेचा फॉर्म तिनं स्वतः भरला. आजाराच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून वेगळं पान जोडलं. नूपुरची परीक्षा चांगली झाली. गणितात तर तिनं सगळं सोडवून वर दोन चुका प्रश्नपत्रिकेतल्या दाखवल्या. चौथ्या दिवशी ईमेल आला: यंदा या वर्गात जागा नाही, शुभेच्छा. आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाच्या मुलाला त्याच शाळेत, त्याच वर्गात जागा मिळाली. त्यांनी पेढे म्हणून खजूर आणून दिले.

"रणजित म्हणत होता," नागेश म्हणाला. रागानं नाही, थकून. दिवसभर पन्नास अंशांच्या उन्हात पंपांच्या मागे धावून आलेला माणूस तो. "अनू, जग तुझ्या वहीसारखं चालत नाही."

तेवढ्यात नूपुर आतून आली. "माझ्यामुळे नाही घेतलं ना?"

"नाही गं, जागाच नव्हती," नागेश घाईघाईनं म्हणाला.

अनुराधानं तिला जवळ बसवलं. ती मुलीशी आजाराबद्दल कधी खोटं बोलली नव्हती आणि आज तिला सुरुवात करायची नव्हती. "मला नक्की माहीत नाही. कदाचित त्यांना भीती वाटली असेल. माहीत नसलेल्या गोष्टीची माणसाला भीती वाटते. मलाही वाटली होती आधी."

"मग त्यांना सांग ना कसं करायचं ते."

पोर बोलून गेली आणि खेळायला पळाली. अनुराधा मात्र बराच वेळ त्याच वाक्यापाशी बसून राहिली.

इन्सुलिनच्या पेनच्या सुया संपत आल्या होत्या. त्या घ्यायला ती शराफियात, भारतीय दुकानांच्या वस्तीत गेली. तिथल्या गल्लीत तिला बरं वाटायचं. कढीपत्त्याच्या जुड्या, पैसे पाठवायच्या काउंटरपुढच्या रांगा, चार भाषांतली हाकाहाक. औषधाच्या दुकानातला मल्याळी माणूस सुयांचं खोकं पुढे करत हिंदीत म्हणाला, "बच्चे के लिए? चार मिलीमीटर? ये साइज दो ही लोग लेते हैं. एक आप, एक ताजुन्निसा सिस्टर."

"त्यांच्याकडे कोण आहे?"

त्यानं सांगितलं ते असं: सिस्टरचा नातू हैदराबादला असतो, त्याला हाच आजार आहे. दर सुट्टीत ती त्याच्यासाठी सुया घेऊन जाते. आणि सिस्टर नोकरी करते ती एका ब्रिटिश शाळेत.

अनुराधानं शाळेचं नाव तिथेच वहीत लिहून घेतलं.

ही शाळा समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या बाजूला नव्हती. जुन्या वस्तीत, दुमजली, भिंतीचा रंग उन्हानं विटलेला. तलाव होता, पण चार लेनचा आणि त्यावर ताडपत्रीची सावली. नर्सची खोली मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीला लागूनच होती आणि तिचं दार उघडं होतं. ताजुन्निसा सिस्टर साठीकडे झुकलेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. तिनं अनुराधाकडे पाहिलंच नाही. सरळ नूपुरसमोर स्टूल ओढून बसली.

"क्या नाम बेटा? नूपुर? अब्बी शक्कर कित्ती है, मेरेकू बता."

नूपुरनं फोन काढून पाहिला. "एक सौ अठारह."

"माशाल्ला. और नीचे जाने लगी तो तेरेकू कैसा लगता? हाथ कापते?"

"नहीं, पहले गुस्सा आता है."

"हौ, मेरे पोते कू बी ऐसाइच," सिस्टर म्हणाली, आणि मगच तिनं मान वर करून आईकडे बघितलं. "परेशान नक्को होओ. मैं हूँ."

अनुराधाला तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण तिनं ते पुढे ढकललं. अजून मुख्याध्यापक बाकी होते.

मिस्टर प्रिचर्ड उंच, खांदे पडलेले गृहस्थ होते. गोड बोलण्याची त्यांना हातोटी नव्हती आणि अनुराधाला तेच आवडलं. "असं मूल आमच्याकडे याआधी नव्हतं," ते म्हणाले. "सिस्टर तयार आहे. पण ती एकटी आहे. ती एखाद्या दिवशी रजेवर असेल. खेळाचे सर, वर्गाच्या बाई, बसमधल्या मावशी, या सगळ्यांना कळायला हवं. आणि खरं सांगतो, माझे दोन-तीन शिक्षक घाबरतील. मी जे करू शकणार नाही त्याचं वचन तुम्हाला देणार नाही."

"मला एक तास द्या," अनुराधा म्हणाली. "सगळ्या शिक्षकांसमोर. मी त्यांना शिकवते."

शब्द तोंडातून निघून गेले आणि मग तिला आपलं इंग्रजी आठवलं. ती सिन्नरची, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, बारावीपर्यंत शाळा मराठी. बी.एस्सी. इंग्रजीत केलं ते पाठांतराच्या जोरावर. इंग्रजी वाचायला यायचं, लिहायलाही यायचं. पण खुर्च्यांवर बसलेल्या गोऱ्या शिक्षकांसमोर उभं राहून बोलायचं?

प्रिचर्ड साहेबांनी कॅलेंडर पाहिलं. "पुढच्या बुधवारी. दोन वाजता."

आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भाकरी थापताना ती बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची. नूपुर समोर बसून चुका काढायची. "आई, 'शुगर इज फॉलिंग' म्हण, 'शुगर इज फॉलन डाउन' नको." नागेश दोन दिवस नुसता ऐकत होता. तिसऱ्या दिवशी कामावरून आला तो आठ चित्रं काढलेले कागद घेऊनच: साखर उतरली तर काय करायचं, चढली तर काय, बाण काढून, अगदी कारखान्यात मशिनीवर लावतात तसे. "माणसं घाबरली की वाचत नाहीत," तो म्हणाला. "चित्र बघतात." ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस आपण एकटेच ओढतोय असं तिला वाटत होतं.

बुधवारी तिनं साधी सुती साडी नेसली, वर अबाया घातला, आणि पिशवीत डझनभर संत्री घेतली. शाळेत पोचल्यावर पाहिलं तर सांगितलेल्या बारांऐवजी एकोणीस माणसं बसली होती. बसमधल्या दोन फिलिपिनो मावश्याही होत्या.

पहिली पाच मिनिटं तिचं बोलणं तिलाच ऐकू येत नव्हतं. पाठ केलेलं तिसरं वाक्य विसरलं. ती थांबली, पाणी प्यायली, आणि मग पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून म्हणाली, "मी तुम्हाला आमची सहा वर्षांची मुलगी एका सकाळी उठली नाही, ते सांगते." त्यानंतर इंग्रजी कुठे अडलं असेल तर ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग तिनं संत्री वाटली, काहींना दोघांत एक. नागेशचे कागद भिंतीवर लावले. "आता प्रत्येकानं एकदा सुई टोचायची. संत्र्याची साल आणि दंडाची कातडी यात फार फरक नाही."

खेळाचे सर मिस्टर डंकन, सहा फूट उंच आणि दंडावर गोंदण, सुई हातात घेऊन पांढरे पडले. "मला हे जमणार नाही," ते म्हणाले. "समजा मी चुकलो?"

अनुराधा काही बोलणार तोच मागून नूपुर उठली. तिला खरं तर वाचनालयात बसायला सांगितलं होतं. ती सरांपाशी गेली. "इंजेक्शन सिस्टर देईल, नाहीतर मी स्वतः घेईन. तुम्ही फक्त ज्यूस द्यायचा. मी चिडले आणि विनाकारण भांडायला लागले, की ज्यूस. एवढं जमेल ना?"

सगळे हसले. डंकन सरही हसले, आणि मग त्यांनी संत्र्यात सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी प्रिचर्ड साहेबांचा फोन आला. वर्गात फोन ठेवायची परवानगी फक्त नूपुरला. पोहणं, खेळ, सहली, सगळं इतरांसारखं. नागेशचे कागद शिक्षकांच्या खोलीत कायमचे लावलेत.

एकच अडचण उरली. त्या शाळेची बस खैरनारांच्या भागात येत नव्हती. "रोज टॅक्सी?" नागेशनं विचारलं. अनुराधा म्हणाली, "नाही. मी शिकते." नाशिकला तिनं स्कूटी चालवली होती, तेवढाच अनुभव. सबंध उन्हाळा ती बायकांच्या ड्रायव्हिंग शाळेत जात राहिली. शिकवणारी बाई जेद्दाचीच, विशीतली, स्टिअरिंगवर टिचकी मारून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करणारी. परीक्षेत अनुराधा एकदा नापास झाली, गाडी उलटी लावताना. दुसऱ्यांदा पास झाली. ऑगस्टअखेर शाळा उघडली तेव्हा नूपुरला दाराशी सोडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत तिची जुनी पांढरी गाडी सर्वांत हळू चालत होती, आणि मागचे हॉर्न तिनं मनावर घेतले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात एका बदली शिक्षिकेनं नूपुरचा फोन काढून घेतला. अनुराधा दहा मिनिटांत शाळेत होती. भांडायला नव्हे, त्या बाईंना संत्रं देऊन शिकवायला. नोव्हेंबरात फुटबॉल खेळताना नूपुरची साखर पंचावन्नवर आली. अनुराधानं घरी आकडा पाहिला आणि गाडीची किल्ली उचलली, तोवर डंकन सरांचा निरोप आला: ती रेफरीशी भांडायला लागली म्हणून ज्यूस दिला, आता शंभरवर आहे, खेळतेय. अनुराधानं किल्ली खाली ठेवली. जिन्याच्या पायरीवर बसली आणि मे महिन्यात सिस्टरच्या खोलीत पुढे ढकललेलं रडून घेतलं.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षी आली. एप्रिलात पाचवीच्या वर्गाची ताइफची सहल निघाली, डोंगरावर, गुलाबांच्या मोसमात, एक मुक्काम धरून. नागेश म्हणाला, "मुक्काम नको. संध्याकाळी आपण जाऊन घेऊन येऊ." आणि गंमत अशी की ज्या अनुराधानं काठावर बसायला नको म्हणून एवढं रण माजवलं, तिच्याही मनात हेच होतं. परवानगीचा कागद चार दिवस फ्रिजवर चुंबकाखाली राहिला. नूपुर एकदाही काही बोलली नाही. नुसती येता-जाता कागदाकडे बघायची. चौथ्या दिवशी अनुराधानं सही केली.

"काही झालं तर?" नागेश म्हणाला.

"सिस्टर बरोबर आहे. डंकन सर आहेत. आणि ती आहे की स्वतः. अहो, आपण शाळा कशासाठी निवडली मग?"

सकाळी सातला बस सुटली. दहापर्यंत फोनवर आकडे दिसत होते: एकशे तीस, एकशे चव्वेचाळीस. मग बस घाटात चढली आणि आकड्याच्या जागी नुसती रेघ आली. नागेशनं कामावरून तीनदा फोन केला. "दिसतंय काही?" "नाही." "तू फोन कर ना सिस्टरला." "नाही करणार. ठरवलंय मी." तिनं कपाटं आवरली, लोणच्याच्या बरण्या पुसल्या, आधीच पुसलेल्या पुन्हा पुसल्या. संध्याकाळी सहाला ताजुन्निसा सिस्टरचा निरोप आला: सब ठीक. बंदर देखे. आके बात करती.

शेवटचं वाक्य अनुराधाला खटकलं. पण फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस शाळेच्या अंगणात आली. नूपुर उन्हानं लालबुंद, केस विस्कटलेले, हातात गुलाबजलाची बाटली. घाटात गेलेलं तिच्या फोनचं नेट शाळेच्या वायफायवर परत आलं तसे मागचे आकडे एकदम अनुराधाच्या फोनवर उतरले. काल दुपारी साडेचारला आलेख डोंगरासारखा उभा: तीनशे सहा.

"हे काय आहे?"

नूपुरनं सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं चष्मा पुसायला घेतला.

"दो आइस्क्रीम," सिस्टर म्हणाली. "गुलाब वाली. एक बताके खाई, एक छुपाके. मैं पकडी, सुई दी, खूब डाँटी. रात तक बराबर हो गई."

अनुराधाच्या तोंडाशी शब्द आले होते. लपवून खाल्लंस? तेही इतक्या लांब? पण समोर दहा वर्षांची मुलगी मान खाली घालून उभी होती, आणि तिच्या मागे वर्गातली चार पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. दुसरं आइस्क्रीम तिला कोणी आणून दिलं असेल ते त्यांच्या तोंडांवरच लिहिलं होतं.

गाडी निघाल्यावर पहिल्या सिग्नलला अनुराधा थांबली. मग म्हणाली, "परत असं केलंस तर सहल बंद. खाऊ नको असं मी कधीच म्हणत नाही. सांगून खा. समजलं?"

"समजलं. सॉरी, आई."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला. अनुराधानं गाडी पुढे घेतली.

"कसं होतं गं?" तिनं विचारलं.

"पहिलं की दुसरं?"

"दोन्ही."

नूपुरनं विचार केला. "दुसरं जास्त छान होतं," ती म्हणाली, आणि आई ओरडत नाही असं पाहून तिनं माकडांची गोष्ट सांगायला सुरुवात केली.